कॉम्प्रेसरच्या क्षमतेपुढचा ± आकडा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे-महापे पट्ट्यात शीतकरणाच्या व्यवसायातील कोणालाही कॉम्प्रेसरचा चाचणी अहवाल नवा नाही. मात्र त्यातील क्षमतेच्या (म्हणजे थंडावा देण्याच्या ताकदीच्या) आकड्यापुढे ± चिन्हाने लिहिलेल्या संभाव्य चुकीच्या मर्यादेचा अर्थ गेल्या काही दशकांत पार बदलला आहे.

चाचणीची मूळ कल्पना साधी आहे. कॅलरीमीटरच्या (उष्णता मोजणाऱ्या उपकरणाच्या) उष्णतारोधक टाकीत तळाशी दुय्यम शीतद्रव्य (कॉम्प्रेसरमधून न फिरणारा, टाकीतच राहणारा द्रव) व हीटर आणि वर इव्हॅपोरेटरची, म्हणजे उष्णता शोषणारी, कॉइल असते. टाकीतील दाब स्थिरावला की हीटरचे वॅट आणि भिंतींतून आत झिरपणारी उष्णता यांची बेरीज म्हणजेच कॉइलने शोषलेली उष्णता, आणि तिच्यावरूनच क्षमता ठरते. कॉम्प्रेसर चाचणीच्या १९८९च्या आयएसओ ९१७ या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याच वेळी दुसऱ्या पद्धतीनेही मोजणी करून दोन्ही निकाल ४ टक्क्यांच्या आत जुळावेत, अशी अट घातली. ही जुळणीच अचूकता समजण्याची सवय लागली, आणि ती चूक होती. कारण दोन्ही पद्धती सक्शनच्या (कॉम्प्रेसर वायू आत खेचतो त्या बाजूच्या) एकाच दाबमापकावर, म्हणजे गेजवर, विसंबल्या, तर दोन्ही निकाल एकदमच घसरतात आणि तरीही एकमेकांशी जुळतात.

घरगुती फ्रिजच्या कॉम्प्रेसरची चाचणी सहसा उणे २३.३ अंश सेल्सिअस बाष्पीभवन आणि ५४.४ अंश सेल्सिअस संघनन तापमानाला होते (हे विचित्र आकडे म्हणजे उणे १० आणि १३० अंश फॅरनहाइट). आर-१३४ए या शीतद्रव्याचा सक्शन दाब तेथे जेमतेम १.१५ बार असतो. ० ते १० बारच्या, पूर्ण पट्टीच्या (मोजता येणाऱ्या कमाल दाबाच्या) १ टक्का अचूकतेच्या गेजमध्ये ०.१ बारची चूक संभवते, म्हणजे या सक्शन दाबाच्या सुमारे ९ टक्के आणि बाष्पीभवन तापमानात जवळपास २ अंश. वॅटमीटर कितीही उत्तम असला, तरी ही चूक भरून निघत नाही.

चुकीला कारण ठरणाऱ्या अशा घटकांचा एकत्र हिशेब कसा मांडावा, याची सर्वमान्य रीत १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापन-अनिश्चिततेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने घालून दिली: प्रत्येक घटकाचा क्षमतेवरील परिणाम काढायचा, परस्परांशी संबंध नसलेल्या घटकांच्या परिणामांचे वर्ग (स्क्वेअर) करून त्यांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यायचे आणि साधारण ९५ टक्के विश्वासार्हतेसाठी त्याला २ने गुणायचे. प्रयोगशाळांसाठीच्या १९९९च्या आयएसओ/आयईसी १७०२५ मानकाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना अनिश्चिततेचा अंदाज बांधणे बंधनकारक केले.

तरीही मोठ्या पट्टीचे गेज वापरण्यामागे निव्वळ निष्काळजीपणा नव्हता. यंत्र थांबल्यावर दोन्ही बाजूंचे दाब समान होतात, सक्शनचा दाब कित्येक बार चढतो आणि लहान पट्टीचे नाजूक उपकरण निकामी होऊ शकते. म्हणून असे उपकरण बसवताना त्याच्याआधी बंद करता येईल असा व्हॉल्व्ह लागतो आणि कॉम्प्रेसर थांबवण्यापूर्वी तो आठवणीने फिरवावा लागतो.