मुलतानी माती

मुलतानी माती : मॉन्टमोरिलोनाइट आणि त्याच्या गटातील खनिजांची, तेल शोषणारी बारीक माती. तिचा पिवळसर वा तपकिरी रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो. नाव पाकिस्तानातील मुलतानचे असले, तरी राजस्थानात बाडमेर, जैसलमेर आणि बीकानेर भागांतही तिचे साठे आहेत. लोकरीतील चरबट तेल काढण्यासाठी युरोपात अशी माती शतकानुशतके वापरली गेली. चेहऱ्यावरही ती मुख्यतः तेवढेच काम करते.

या खनिजाचा एक थर सुमारे 1 नॅनोमीटर जाडीचा असतो. थरांवर ऋण विद्युतभार असल्याने त्यांच्यामध्ये कॅल्शियम, सोडियम यांचे आयन (विद्युतभार असलेले अणू) आणि पाणी शिरते. सोडियम जास्त असलेले बेन्टोनाइट (याच खनिजाची माती) पाण्यात कित्येक पट फुगून जेलीसारखे होते. मुलतानी माती बहुधा कॅल्शियमयुक्त असते. ती कमी फुगते आणि तिचा खडा पाण्यात टाकला की विसविशीत होऊन सुटतो. चिनी मातीचे म्हणजे केओलिनचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे ती कमी शोषते. कोरड्या त्वचेला लेप लावायचाच असेल, तर तीच बरी.

पाकिटांवर दोन दावे हमखास असतात. लेप शरीरातील विषारी द्रव्ये ओढून घेतो, हा पहिला. ते काम यकृताचे आणि मूत्रपिंडांचे आहे, लेपाचे नव्हे. दुसरा गोरेपणाचा. धुतल्यावर दिसणारा उजळपणा तेल, मळ आणि मृत पेशी निघाल्याचा असतो. त्वचेतील रंगद्रव्य जिथल्या तिथे राहते. तेलही काही तासांत पुन्हा येऊ लागते. नाकावरच्या काळ्या ठिपक्यांचा काळेपणा धुळीचा नसतो, म्हणून एका लेपाने ते जात नाहीत.

खडे आणल्यास कुटून, मैद्याच्या चाळणीने चाळून घ्यावेत. तरीही कचकच लागली तर पूड भरपूर पाण्यात ढवळून अर्धा मिनिट ठेवावी. जड वाळू तळाशी बसते. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवळू द्यावे आणि त्या भांड्यात खाली बसलेला गाळ वाळवावा. शिर्का (व्हिनेगर) टाकल्यावर फेस आला तर खडूची भेसळ, असे सांगतात. पण नैसर्गिक मातीतही चुनखडी असू शकते, त्यामुळे एवढ्यावरून निवाडा करू नये.

एका चेहऱ्याला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 20 ग्रॅम पूड पुरते. तीत 20 ते 30 मिलिलिटर पाणी किंवा गुलाबपाणी थोडे थोडे घालावे आणि न ढवळता पाच मिनिटे भिजू द्यावे. लगेच घोटल्यास गुठळ्या राहतात. धातूचा चमचा चालत नाही, ही समजूत इतक्या थोड्या वेळासाठी निरर्थक आहे. लेप दह्याइतका दाट हवा. पातळ झाला तर ओघळतो आणि जागोजागी लवकर सुकतो. डोळ्यांभोवतीची आणि ओठांची जागा सोडून सारख्या जाडीचा थर द्यावा.

खरी चूक होते ती यानंतर. लेप तडकेपर्यंत ठेवला म्हणजे जास्त गुण येतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सुकताना तो आक्रसून त्वचा ताणतो, वरच्या थरातील ओलावा घेतो आणि धुतल्यावर लाली, खाज, पापुद्रे दिसतात. कडा फिकट होऊ लागल्या आणि मधला भाग अजून ओलसर आहे, तेव्हाच लेप काढावा; बहुधा 10 ते 15 मिनिटे होतात, पंख्याखाली त्याहून कमी. खरवडू नये. कोमट पाण्याने भिजवून, मऊ करून उतरवावा आणि त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा पुरे. इसब असलेल्यांनी, तसेच मुरुमांसाठी रेटिनॉइड (जीवनसत्त्व अ वर्गातील औषध) लावणाऱ्यांनी टाळलेले चांगले.

लेपात लिंबू पिळण्याची सवय वाईट. रस आम्लधर्मी असतो, शिवाय तो लागलेल्या जागी ऊन पडल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात. कोरडेपणासाठी मध किंवा साय चालेल. नवी माती आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून 24 तास पाहावे.

महाराष्ट्रात ही माती दिवाळीच्या अनेक उटण्यांत नागरमोथा, कचोरा, आंबेहळद यांच्या जोडीने येते. तेल लावून उटणे चोळल्यावर जादा तेल तीच उचलते. उन्हाळ्यात घामोळ्यांवर पातळ लेप देतात. पाणी उडताना गारवा मिळतो, पण घामाची बंद छिद्रे त्यामुळे उघडत नाहीत.

फुटलेल्या पुळीवर वा जखमेवर माती लावू नये. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. शिसे हा दुसरा धोका. 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बेन्टोनाइटच्या काही भुकट्यांत शिसे आढळल्याने इशारा दिला होता. अशी माती पोटात जाणे सर्वांत घातक, म्हणून गरोदरपणी डोहाळे लागले तरी खाऊ नये आणि डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये. पूड कालवताना उडणारी धूळही श्वासात जाऊ देऊ नये.

कोरडी पूड घट्ट झाकणाच्या बरणीत बराच काळ टिकते. कालवलेला लेप मात्र उरला तर टाकावा, कारण ओल्या मातीत जंतू वाढतात. टाकतानाही बेसिनमध्ये नको, पाइपच्या वळणात साचून निचरा तुंबतो. कुंडीत टाकावा, तोही दही, मध न घातलेला असेल तरच.