कोरियन क्रीमच्या डबीमागचा कारखाना

1947 साली बुसान बंदरात कू इन-ह्वे या व्यापाऱ्यानं 'लकी' नावाची चेहऱ्याची क्रीम बाजारात आणली. क्रीम हातोहात खपायची, पण गिऱ्हाइकापर्यंत पोचेतो डब्यांची झाकणं फुटायची. रोजच्या या तक्रारींना कंटाळून त्यानं प्लास्टिकचं तंत्र शिकून घेतलं. 1952 पासून त्याच्या कारखान्यात झाकणांच्या जोडीनं कंगवे, साबणाच्या डब्या, टूथब्रश निघू लागले. 1958 मध्ये त्यानं 'गोल्डस्टार' ही रेडिओची कंपनी काढली. लकी आणि गोल्डस्टार मिळून आजची एलजी झाली. पुण्याजवळ रांजणगावच्या एमआयडीसीत जिचा कारखाना आहे, तीच ही एलजी.

कोरियन स्किनकेअरची पार्श्वभूमी सांगताना सुरुवात सहसा कोरियावर पूर्वी राज्य करणाऱ्या जोसॉन राजघराण्यातल्या राण्यांपासून, तांदळाच्या पाण्यापासून आणि जिनसेंगच्या मुळीपासून होते. कंपन्यांना ही सुरुवात सोयीची आहे. माझ्या मते खरी सुरुवात त्या फुटक्या झाकणापाशी शोधावी.

परंपरा खोटी आहे असं नाही. हो जुन या राजवैद्याचा 'तोंगइ बोगाम' हा वैद्यकग्रंथ 1613 साली छापला गेला आणि त्यात त्वचेवरचे उपायही आहेत. 1809 च्या सुमारास एका खानदानी स्त्रीनं लिहिलेल्या गृहशास्त्राच्या ग्रंथात प्रसाधनाची माहिती सापडते. मुगासारख्या कडधान्याच्या पिठानं तोंड धुण्याची तिथली रीत तर आपल्या उटण्याची सख्खी बहीण म्हणावी अशी. पण डाळीचं पीठ, तांदळाचं पाणी, तेल आणि मुळ्या अर्ध्या आशियाच्या स्वयंपाकघरात होत्या. मग जगभरच्या दुकानांचे कप्पे कोरियानंच का भरले, याचं उत्तर त्या पोथ्यांत मिळत नाही.

आधुनिक धंद्याची पहिली पावलं अडखळतीच होती. सोलमधल्या पाक सुंग-जिक या कापडव्यापाऱ्यानं 1916 मध्ये गिऱ्हाइकांना भेट म्हणून चेहऱ्याची पावडर द्यायला सुरुवात केली. ती इतकी लोकप्रिय झाली की वेगळी विकावी लागली. मात्र त्या पावडरीत शिसं होतं. बायकांच्या चेहऱ्यांवर त्याचे परिणाम दिसू लागले, बोभाटा झाला आणि 1937 मध्ये उत्पादन बंद पडलं. हे दुकान म्हणजेच आजच्या दूसान उद्योगसमूहाचं मूळ. तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि चांगला माल म्हणजे जपानी माल, हे समीकरण पक्कं होतं.

जपान गेल्यावर, 1945 मध्ये, सुह सुंग-ह्वान या तरुणानं सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली. त्याची आई केसोंग गावात कॅमेलियाच्या बियांचं केसांचं तेल करून विकायची, हा धंद्याचा वारसा. कोरियाच्या फाळणीनंतरच्या युद्धात केसोंग उत्तर कोरियाकडे गेलं. कंपनी मात्र दक्षिणेत टिकली आणि पुढे आमोरे पॅसिफिक झाली. युद्ध चालू असताना 1951 मध्ये बुसानमध्ये तिनं वनस्पती तेलापासून पुरुषांच्या केसांचं पोमेड, म्हणजे केस बसवायचं मलम, काढलं. 1954 मध्ये, देश उद्ध्वस्त असताना, प्रयोगशाळा उभारली.

तरी बाजारात वरचष्मा परदेशी मालाचाच होता. अमेरिकी लष्करी छावण्यांच्या दुकानांतून चोरवाटेनं येणाऱ्या पावडरी आणि क्रीमपुढे देशी माल फिका पडायचा. 1961 मध्ये लष्करी राजवटीनं कायदा करून कित्येक परदेशी वस्तूंची विक्री बंद केली, त्यात सौंदर्यप्रसाधनंही होती. देशी कंपन्यांना वीसेक वर्षं जवळपास मोकळं रान मिळालं. परवाना राज्य भोगलेल्या आपल्या पिढीला अशा संरक्षणाचे तोटे चांगले ठाऊक आहेत. इथे फरक इतकाच, की त्या कुंपणाआड कोरियन कंपन्यांनी विक्रीची एक वेगळीच घडी बसवली.

ती घडी म्हणजे दारोदार जाणाऱ्या बायका. 1964 मध्ये सुह सुंग-ह्वानच्या कंपनीनं 'आमोरे' हा ब्रँड खास घरपोच विक्रीसाठी काढला. पेटी घेऊन गल्लीगल्लीत फिरणाऱ्या या विक्रेत्यांमध्ये युद्धात घरचा कर्ता गेलेल्या कितीतरी बायका होत्या. त्या ओसरीवर बसून गिऱ्हाइकाची त्वचा पाहायच्या, चेहऱ्याला मसाज करून द्यायच्या, काय आधी लावायचं नि काय नंतर ते शिकवायच्या आणि पैसे हप्त्यानं घ्यायच्या. चेहऱ्यावर थरावर थर लावण्याची जी सवय आज कोरियन स्वभाव म्हणून सांगितली जाते, ती रुजवण्यात या ओसरीवरच्या शिकवण्यांचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

ऐंशीच्या दशकात आयात टप्प्याटप्प्यानं खुली झाली आणि डिपार्टमेंट स्टोअरांत फ्रेंच, अमेरिकी, जपानी नावं आली. आता देशी कंपन्यांना दर्जावर लढणं भाग होतं. नवा सौंदर्यप्रसाधन कायदा 1999 मध्ये मंजूर होऊन पुढच्या वर्षी लागू झाला. त्यात डाग आणि काळेपणा कमी करणं, सुरकुत्या कमी करणं आणि उन्हापासून बचाव, असे दावे करणाऱ्या मालाचा वेगळा वर्ग आखला गेला. दावा करायचा तर पुरावा द्या, असा नियम आला. उजळपणाचा दावा सरकारी वर्गवारीत जाऊन बसला, हे मला आजही खटकतं. पण प्रयोगशाळांवर पैसा ओतायला कंपन्यांना कारण मिळालं, हे मान्य करावं लागेल.

1997 च्या आर्थिक संकटानं लोकांचे खिसे रिकामे केले. अशात मिशा या ब्रँडनं आधी इंटरनेटवर, मग 2002 मध्ये सोलच्या एह्वा महिला विद्यापीठाजवळ दुकान काढून 3,300 वॉनला, म्हणजे तीनेक डॉलरला, क्रीम विकायला सुरुवात केली. तुम्ही बाटलीचे आणि जाहिरातीचे पैसे मोजताय, आतल्या मालाचे नाही, असा त्यांचा रोख होता. पाठोपाठ फेस शॉप वगैरे दुकानं आली आणि रस्तोरस्ती अशा स्वस्त ब्रँडची रांग लागली.

इतका स्वस्त माल बनवत कोण होतं? इथे या कथेतली खरी पात्रं येतात, ज्यांची नावं गिऱ्हाइकांना क्वचितच ठाऊक असतात. कोल्मार कोरिया (1990) आणि कॉसमॅक्स (1992) या दोन्ही कंपन्या जपानी तंत्राच्या आधारानं सुरू झाल्या. त्या दुसऱ्याच्या नावानं माल बनवतात. नुसता बनवत नाहीत, तर सूत्र शोधण्यापासून चाचण्या आणि पॅकिंगपर्यंत सगळं करतात. तुमच्याकडे एक कल्पना, थोडं भांडवल आणि इन्स्टाग्राम खातं असलं तरी धंदा सुरू होतो. म्हणून जेमतेम पाच कोटी लोकसंख्येच्या देशात सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांची संख्या 30,000 वर गेली. लॉरेआलसारख्या मातब्बर कंपन्याही या कारखान्यांच्या गिऱ्हाईक आहेत. नवी गोष्ट बाजारात यायला युरोपात जितका वेळ लागतो, त्याच्या अंशात ती सोलमध्ये येते, याचं गुपित हे.

परदेशातली लाट टप्प्याटप्प्यानं उठली. बीबी क्रीम, म्हणजे डाग झाकणारी रंगीत क्रीम, मूळची एका जर्मन त्वचारोगतज्ज्ञ बाईंची. कोरियानं ती आपलीशी करून जगाला विकली. 2008 मध्ये आमोरे पॅसिफिकनं स्पंजात भिजवलेलं 'कुशन' फाउंडेशन काढलं आणि पुढे पाश्चात्त्य कंपन्यांनी त्याची नक्कल केली. मालिका आणि पॉप संगीतामागून चिनी पर्यटक सोलच्या म्योंगदोंग भागात पिशव्या भरभरून खरेदी करू लागले. मग अमेरिकेची थाड क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायला दक्षिण कोरियानं होकार दिला. चीन भडकला आणि 2017 च्या मार्चमध्ये तिथून येणाऱ्या सहली बंद झाल्या. स्वस्त दुकानांच्या साखळ्या मोडकळीला आल्या. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणं किती महागात पडतं ते कळल्यावर कंपन्यांनी जपान, आग्नेय आशिया आणि अमेरिकेकडे मोर्चा वळवला.

अमेरिकेत जमीन आधीच नांगरलेली होती. शार्लट चो या कोरियन-अमेरिकन उद्योजिकेनं 2012 मध्ये सोको ग्लॅम हे ऑनलाइन दुकान काढलं आणि दहा पायऱ्यांचा दिनक्रम प्रसिद्ध केला. कोरियातल्या बहुतेक बायका रोज दहा पायऱ्या करत नाहीत, हा त्यातला गमतीचा भाग. कॉसआरएक्स या कोरियन ब्रँडचं गोगलगायीच्या स्रावाचं इसेन्स, म्हणजे चेहऱ्याला लावायचा पातळ द्राव, टिकटॉकवरून घराघरांत गेलं. सनस्क्रीनच्या बाबतीत अमेरिकी कायदाच कोरियाच्या पथ्यावर पडला. तिथे सनस्क्रीन हे औषध समजलं जात असल्यानं नव्या घटकांना मंजुरी मिळायला वर्षानुवर्षं लागली. कोरियात नवे घटक वापरून हलकी, पांढरट न दिसणारी सनस्क्रीन बनत होती, आणि अमेरिकी ग्राहक ती थेट मागवत राहिले. 2024 मध्ये दक्षिण कोरियाची सौंदर्यप्रसाधनांची निर्यात 10 अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

भारतात इनिसफ्री या कोरियन ब्रँडचं पहिलं दुकान 2013 मध्ये दिल्लीत उघडलं. त्याआधीच ईशान्येकडे, विशेषतः मणिपुरात, कोरियन मालिकांचं वेड पोचलं होतं. तिथे 2000 मध्ये एका बंडखोर संघटनेनं हिंदी चित्रपटांवर बंदी घातली होती आणि ती पोकळी कोरियन वाहिनीनं भरली. उरलेल्या देशात हे वारं खऱ्या अर्थानं शिरलं ते लॉकडाउनमध्ये. आता तर भारतीय कंपन्यांचे फेसवॉशही 'कोरियन' म्हणवून घेतात.

कारखान्यांच्या या व्यवस्थेची दुसरी बाजू 2020 च्या डिसेंबरात दिसली. पुरिटो या ब्रँडच्या एका लोकप्रिय सनस्क्रीनवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून बचावाचा आकडा, 50+ छापलेला होता. युरोपात केलेल्या चाचण्यांत तो 19 च्या आसपास निघाला. कंपनीनं विक्री थांबवली. मग लोक शोधू लागले, तेव्हा त्याच उत्पादकाकडून आलेली, घटकांची यादी जवळपास सारखी असलेली इतर ब्रँडची सनस्क्रीन सापडली. कोरियन वेष्टनावर विकणाऱ्याबरोबर बनवणाऱ्याचं नावही छापावं लागतं, म्हणून हे शोधणं शक्य झालं. ब्रँडवाल्यांना मात्र ही सक्ती नकोशी आहे. परदेशी व्यापारी डबी उलटी करून कारखान्याचं नाव वाचतात, थेट त्याच दारात जाऊन तसाच माल स्वतःच्या नावानं बनवून घेतात, अशी त्यांची तक्रार आहे.