ज्याची त्याची पात

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची यादी नोटीस बोर्डावर लागली की दुसऱ्या दिवशी माझ्या केबिनबाहेर मुलं उभी असतात. "सर, आमच्या बॅचमधनं तेवढं त्याला काढा." बेळगावात इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवायला लागल्यापासून हे वाक्य मी मराठीत, कन्नडात आणि दोन्हींच्या खिचडीत ऐकत आलोय. मार्च उजाडला की सूर बदलतो: "मी एकटाच करूलालोय की सर!" एकाच गटातले तिघं वेगवेगळे येऊन हेच सांगून जातात.

तिघंही खोटं बोलत नसतात. 1979 साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या संशोधकांनी कॅनडातल्या नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, घरकामात तुमचा वाटा किती? बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. आपलं जागरण आपल्याला आठवतं. दुसऱ्यानं खानापूरच्या बसमध्ये उभ्यानं, छातीशी धरून आणलेली सेन्सरची पेटी आपण पाहिलेलीच नसते.

पण खरोखर अंग चोरणारेही असतात, आणि त्यांचा अभ्यास फार जुना आहे. 1880च्या दशकात मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. आठ जण मिळून ओढू लागले तेव्हा माणशी जोर एकट्यानं ओढताना लागतो त्याच्या जेमतेम निम्म्यावर आला. गणपतीतली रस्सीखेच पाहिलेला कुणीही म्हणेल, झटका एकदम बसला नसेल. रिंगेलमानचा भरही त्यावरच होता. मग चुकलेला ताल किती आणि अंगचोरी किती?

हे 1979 साली मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळं काढलं. विद्यार्थ्यांचे डोळे बांधले, कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं, जिवाच्या आकांतानं ओरडा. प्रत्यक्षात प्रत्येक जण एकटाच ओरडत होता, म्हणजे ताल चुकायचा प्रश्नच नव्हता. तरी सोबत आणखी एक जण ओरडतोय असं वाटलं की आवाज 82 टक्क्यांवर यायचा, आणि आपण सहा जण आहोत असं वाटलं की 74 वर. ही निव्वळ अंगचोरी. इंग्रजीतून आलेलं तिचं नाव 'सोशल लोफिंग'.

मला जास्त टोचतो तो 1983 सालचा नॉर्बर्ट कर यांचा निष्कर्ष. जोडीदाराला जमत असूनही तो बसून राहतोय हे दिसलं की कामसू माणूसही हात आखडता घेतो. फुकट्याला पोसण्यापेक्षा दोघांचं नुकसान परवडलं! माझ्याकडची हुशार मुलं फेब्रुवारीत अचानक थंड पडतात, ती बहुधा यामुळे.

1993 साली स्टीव्हन कराऊ आणि किपलिंग विल्यम्स यांनी असे 78 अभ्यास एकत्र तपासले. ज्याचं त्याचं काम वेगळं ओळखता आलं की अंगचोरी कमी होते, हे त्यात पुन्हा दिसलं. ते वाचताना मला आमच्या शिवारातली भाताची भांगलण आठवली. बायका ओळीनं बसतात आणि प्रत्येकीची पात, म्हणजे तिनं खुरपायचा पट्टा, ठरलेली असते. एखादी मागं पडली तर बांधावरून दिसतं. कुणी तण ठेवून पुढं सरकली तर तेही दिसतं. मुकादमाला ओरडावं लागत नाही. आणि आमच्याकडं? प्रोजेक्ट रिपोर्टच्या काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरात चार नावं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पाच-दहा मिनिटांत कुणाची पात कुठली ते कसं कळणार? मुलं गटकामाला वैतागतात तेव्हा त्यांना आप्पलपोटी म्हणायची माझी आता हिंमत होत नाही. पात आखून द्यायचं काम माझं होतं.

एका वर्षी आखली. प्रोजेक्ट होता जमिनीतला ओलावा मोजायचा. त्याच सेन्सरचा आकडा खानापूरच्या लाल मातीत वेगळा आणि बैलहोंगलच्या काळ्या मातीत वेगळा येतो, म्हणून दोन्हीकडं जाणं आलं. बैलहोंगलच्या शेतकऱ्यांशी बोलायला कन्नड हवं, ते गटात एकालाच नीट येत होतं. खानापूरची बाजू तिथल्याच मुलीकडं. उरलेल्या दोघांकडं सर्किट आणि कोड. दर शनिवारी प्रत्येकानं आपला तुकडा बाकीच्यांना समजावायचा, आणि मी प्रश्न विचारणार तो दुसऱ्याच्या तुकड्यावर.

ही युक्ती माझी नव्हे. 1971 साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, आणि त्यांच्यात तेढ होती. मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. मुलांमधली अढी त्यानं कमी झाली. ती शाळकरी होती, माझी विशीतली. पण सीमाभागातल्या वर्गात कोण कुठल्या बाकावर बसतं ते पाहिलेल्याला ऑस्टिन फार लांबचं वाटणार नाही.

त्या वर्षीही व्हायवाच्या आदल्या दिवशी चौघं केबिनबाहेर आले, भांडतच. बाइंडिंगवाला खोळंबला होता आणि मुखपृष्ठावर पहिलं नाव कुणाचं हे ठरत नव्हतं. खानापूरच्या मुलीचं म्हणणं, बैलहोंगलवाल्याचं. तो म्हणत होता, तिचं. शेवटी हजेरीपटाच्या क्रमानं छापली.