जुन्या व्यापारी इमारतीत गिझर लावायचाय? आधी वीजभार वाढवून घ्या

रविवार कारंजा, मेन रोड, शालिमार भागातल्या जुन्या इमारतींत दवाखाना, सलून किंवा लॉज चालवणाऱ्यांना नाशिकच्या थंडीत गिझर लागतोच. पण तिथल्या कित्येक वीजजोडण्या पंखे आणि ट्यूबलाइटच्या हिशेबाने घेतलेल्या आहेत. म्हणून गिझर विकत घेण्याआधी वीजबिल हातात घ्या.

बिलावर ‘मंजूर भार’, म्हणजे त्या जोडणीवर वापरायला मंजूर असलेला वीजभार, छापलेला असतो. समजा तो २ किलोवॅट आहे आणि एसी आधीच चालू आहे. ३ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला १३ अँपिअर ओढतो, म्हणजे एकट्या गिझरनेच मंजूर भार ओलांडला. हात आणि भांडी धुण्यापुरतंच गरम पाणी हवं असेल तर २ किलोवॅटचा, १५ लिटरचा साठवणीचा गिझर पुरतो. तो ९ अँपिअरच्या आतच राहतो. शक्य असेल तिथे हाच घ्यावा. सगळ्या उपकरणांची बेरीज ४० अँपिअरच्या वर जात असेल तर थ्री फेज, म्हणजे जास्त भार पेलणारी जोडणी मागावी लागेल. भार वाढला की स्थिर आकार, म्हणजे बिलातली दरमहाची ठरावीक रक्कम, वाढेल, या भीतीने अनेक जण अर्जच करत नाहीत. व्यावसायिक वर्गात २० किलोवॅटपर्यंत स्थिर आकार जोडणीमागे एकच असतो. २ चे ५ किलोवॅट केल्याने तो बदलत नाही.

अर्ज ज्याच्या नावावर मीटर आहे त्यानेच करायचा, आणि थकबाकी नको. जुन्या इमारतींत गाडं अडतं ते इथेच. मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर असतो, नाहीतर दुकान सोडून गेलेल्या आधीच्या भाडेकरूच्या. अशा वेळी आधी नावबदलाचा अर्ज करा. त्याला मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती, किंवा जुन्या ग्राहकाचं संमतीपत्र जोडावं लागतं. जागेत धंदा आणि जोडणी घरगुती असेल तर तीही आधी व्यावसायिक करून घ्या. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते.

कागद फार नाहीत: ओळखपत्र, चालू वीजबिल, जागेचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती किंवा खरेदीखत. भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि मालकाचं ना-हरकत पत्र. शिवाय परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा दाखला.

हा टेस्ट रिपोर्ट केवळ सही-शिक्क्यापुरता घेऊ नका, ही कळकळीची विनंती. जिन्याखालच्या बोर्डात चिनीमातीचा फ्यूज, त्यात जाड तार कोंबलेली, वर जाणारी वायर अ‍ॅल्युमिनियमची आणि अर्थिंग नळाच्या पाइपाला गुंडाळलेलं, असं चित्र अजूनही दिसतं. पाइप पुढे प्लास्टिकचा झाला असेल तर ते अर्थिंग नावापुरतंच. गिझरमध्ये पाणी आणि वीज एकत्र असतात, तिथे ही हयगय जीवावर बेतते. ठेकेदाराकडून मीटरपासून गिझरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, २० अँपिअरचा डबल पोल एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि जमिनीत इलेक्ट्रोड पुरलेलं खरं अर्थिंग करून घ्या.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर, बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून ‘भार वाढवणे’ या प्रकारात करायचा. जागेची पाहणी झाली की कोटेशन निघतं. त्यात वाढीव सुरक्षा ठेवही असू शकते. ते ऑनलाइन भरून पावती जपून ठेवा. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार महानगरं सोडून इतर शहरी भागात, म्हणजे नाशिकमध्येही, जोडणीतला बदल ७ दिवसांत व्हायला हवा. केबल किंवा रोहित्र वाढवावं लागलं तर जास्त वेळ लागतो. विनाकारण दिरंगाई झाली तर १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. तरीही दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल.

काम झाल्यावर पुढच्या बिलातला मंजूर भाराचा आकडा तपासा. जुनाच दिसला तर कोटेशनची पावती घेऊन महावितरणच्या कक्ष कार्यालयात जा आणि दुरुस्त करून घ्या.