परदेशी पत्नीला किंवा पतीला भारताचं नागरिकत्व : अर्ज कधी करायचा, कुठे करायचा, कोणते कागद लागतात

माझी वहिनी फिलिपिन्सची. लग्न होऊन घरी आली त्याच दिवशी ती आमची झाली, पण कायद्याच्या लेखी ती परदेशी नागरिकच राहिली. भारतीयाशी लग्न केलं की नागरिकत्व आपोआप मिळतं, असं आमच्या घरातही निम्म्या लोकांना वाटत होतं. तसं होत नाही. लग्नामुळे फक्त अर्ज करायचा हक्क मिळतो, आणि तोही ठरावीक वर्षं भारतात कायदेशीर राहिल्यावर. तिच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे कायदा आणि नियम मला बारकाईने वाचावे लागले. ज्यांच्या घरात असा अर्ज व्हायचा आहे त्यांच्यासाठी ते इथे लिहिते आहे.

नागरिकत्व अधिनियम, १९५५ मधलं कलम ५(१)(सी) यासाठी लागू होतं. भारतीय नागरिकाशी विवाहित असलेली आणि अर्जाआधी सात वर्षं भारतात सर्वसाधारणपणे राहणारी व्यक्ती 'नोंदणीने' नागरिक होऊ शकते, असं ते कलम म्हणतं. मूळ कायद्यात ही सोय फक्त भारतीय पुरुषांच्या बायकांना होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती नवऱ्यांनाही मिळाली आणि पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षं झाली. म्हणून जुन्या ओळखीतलं कुणी 'आमच्या काकूंना तर लगेच मिळालं होतं' म्हणालं, तर ते खोटं नसतं. त्या वेळचा कायदा वेगळा होता, एवढंच.

आता सात वर्षं म्हणजे नेमकं काय, ते नीट समजून घ्या. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. लग्नाची तारीख घेऊन त्यात सात मिळवायचे, असा हा हिशोब नाही. कायद्यातल्या स्पष्टीकरणात त्याचे दोन तुकडे केले आहेत. अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात राहिलेलं हवं. त्या बारा महिन्यांच्याही आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं भारतात काढलेली हवीत.

समजा, १ जुलै २०२६ ला अर्ज करायचा आहे. मग १ जुलै २०२५ पासूनचं संपूर्ण वर्ष भारतात गेलेलं हवं. त्याआधीची आठ वर्षं म्हणजे १ जुलै २०१७ ते ३० जून २०२५. या काळात एकूण सहा वर्षं भारतात भरली पाहिजेत. मधल्या माहेरच्या फेऱ्या चालतात, पण त्या दिवसांची वजाबाकी होते. एखादी सून दरवर्षी सहा आठवडे माहेरी जात असेल, तर तिची सहा वर्षं भरायला जवळजवळ पावणेसात वर्षं लागतात. त्यावर शेवटचं सलग वर्ष धरलं, की पावणेआठ वर्षांच्या थोडं पुढेच अर्ज करता येतो.

आमच्या घरी हा हिशोब जेवणाच्या टेबलावर झाला. वहिनीचे दोन पासपोर्ट, एक चालू आणि एक मुदत संपलेला, उघडून ठेवले. प्रत्येक पानावरचा येण्याचा आणि जाण्याचा शिक्का बघून वहीत दोन रकाने केले. एका शिक्क्याची शाई इतकी फिकी होती की महिना वाचता येईना. तेव्हा जुन्या ईमेलमधून विमानाचं तिकीट शोधलं, तारीख लावली आणि ते तिकीट छापून त्याच फायलीत ठेवलं. तुम्हीही हे पहिल्याच वर्षापासून करा. जुना पासपोर्ट कधीही टाकून देऊ नका, बोर्डिंग पाससुद्धा जपून ठेवा. सात-आठ वर्षांनी हा हिशोब आठवणीतून लागत नाही.

शेवटच्या सलग वर्षाबद्दल एक सवलत आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५(१ए) प्रमाणे, विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार या बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकतं. हे तीस दिवस तुकड्या-तुकड्यांतलेही चालतात. मात्र सूट द्यायची की नाही हे सरकार ठरवतं आणि त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. वहिनीचं सलग वर्ष नववा महिना ओलांडत होतं, तेव्हा तिचे वडील अंथरुणाला खिळले. ती एकोणीस दिवस जाऊन आली. जाऊ नकोस असं तिला कोण म्हणणार? दवाखान्याचे कागद जोडून सूट मागता आली असती, पण सगळा अर्ज त्या एका विनंतीवर टांगून ठेवण्यापेक्षा आम्ही ती परत आलेल्या दिवसापासून वर्ष पुन्हा मोजायला घेतलं. तुमची परिस्थिती वेगळी असेल, तर सूट जरूर मागा. कारणाचा पुरावा मात्र भक्कम ठेवा.

दिवसांइतकाच महत्त्वाचा आहे व्हिसा. अर्जदार 'बेकायदेशीर स्थलांतरित' नसावा, ही अट कलम ५ च्या सुरुवातीलाच आहे. वैध कागदांशिवाय आलेला माणूस यात येतोच, पण वैध व्हिसावर येऊन मुदतीनंतर राहिलेलाही येतो. त्यामुळे नूतनीकरणाला उशीर झाला आणि मधे चार दिवसांची फट पडली, तर पुढे तिचाच प्रश्न होऊन बसतो. भारतीयाच्या पती-पत्नीला सहसा एंट्री व्हिसा मिळतो. त्याची मुदतवाढ आणि परदेशी नागरिक म्हणून करायची नोंद ई-एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचं ऑनलाइन) पोर्टलवरून होते. १ सप्टेंबर २०२५ पासून जुना १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन त्या जागी २०२५ चा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक अधिनियम आला आहे, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. नागरिकत्वाचा अर्ज विचाराधीन असतानाही व्हिसा चालू ठेवावाच लागतो. 'अर्ज दिलाय ना, मग आता कशाला' असं म्हणून तो संपू देऊ नका.

कागदांची यादी लहान आहे. अर्जदाराचा वैध परदेशी पासपोर्ट. भारतातल्या वास्तव्याचा चालू परवाना किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा. भारतीय जोडीदाराचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला. आणि विवाह निबंधकाने दिलेलं विवाह नोंदणी प्रमाणपत्र. शिवाय फोटो, सही आणि फी भरल्याचा पुरावा. फी किती हे अर्जाच्या दिवशी पोर्टलवर बघूनच भरा. अर्ज मंजूर झाल्यास मूळ देशाचं नागरिकत्व सोडेन, अशी लेखी हमीही द्यावी लागते.

अडचण येते ती या कागदांवरच्या नावांत. फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. लग्नानंतर बाईने नवऱ्याचं आडनाव लावलं, की तिचं स्वतःचं माहेरचं आडनाव मधे येतं. आपल्याकडे मधे नवऱ्याचं नाव लावायची रीत. विवाह नोंदणीचा अर्ज भरताना आमच्या घरातल्याच कुणीतरी सवयीने दादाचं नाव मधे लिहिलं आणि प्रमाणपत्र तसंच छापून आलं. पासपोर्टवरची बाई आणि प्रमाणपत्रावरची बाई कागदावर दोन वेगळ्या झाल्या. प्रतिज्ञापत्र देऊन दुरुस्तीचा अर्ज केला, खेटे घातले, तेव्हा ते सुधारलं. म्हणून कळकळीने सांगते, पहिल्या कागदापासून नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. सून म्हणून ठेवलेलं नाव उखाण्यात खुशाल घ्या, पण सरकारी कागदावर आणू नका.

विवाह नोंदणी महाराष्ट्रात झाली असेल, तर प्रमाणपत्र एकतर १९९८ च्या राज्याच्या विवाह नोंदणी कायद्याखालचं असतं किंवा विशेष विवाह अधिनियम, १९५४ खालचं. दुसऱ्यात नोटीस, तीस दिवसांची मुदत आणि तीन साक्षीदार लागतात. परधर्मीय किंवा परदेशी जोडीदार असताना बहुतेक जण हाच मार्ग घेतात. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंद हाच विवाहाचा पुरावा.

गोव्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. हे कलम 'भारतीय नागरिकाशी' विवाहित असलेल्यांसाठी आहे. नवऱ्याने किंवा बायकोने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर कलम ९ प्रमाणे त्यांचं भारतीय नागरिकत्व संपलेलं असतं. अशा वेळी जोडीदाराला ५(१)(सी) खाली अर्ज करता येत नाही. अमेरिकेत किंवा कॅनडात नागरिकत्व घेऊन पुण्याला परतलेल्या कुटुंबांनाही हेच लागू आहे.

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. नागरिकत्व नियम, २००९ मधला नमुना तीन हा या कलमासाठीचा अर्ज. भरून झाला की फाइल क्रमांक मिळतो. तो दोन-तीन ठिकाणी लिहून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावरच होते. पुढे अर्ज आपण राहतो त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. कार्यालयातली गृह शाखा हे काम बघते, तिथे मूळ कागद दाखवावे लागतात. पोलिसांकडून चौकशी होते, घरीही येतात. तेव्हा आसपासच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा, म्हणजे दारात पोलीस बघून उगीच चर्चा होत नाही. नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी साठ दिवसांत अहवालासह अर्ज राज्य सरकारकडे पाठवायचा आणि राज्याने तीस दिवसांत आपली शिफारस जोडून केंद्राकडे. प्रत्यक्षात सुरक्षा यंत्रणांचे अहवाल येईपर्यंत थांबावं लागतं. साठ अधिक तीस असा हिशोब करून घराचं किंवा नोकरीचं काही ठरवू नका.

केंद्राला अर्ज मान्य झाला की स्वीकृतीचं पत्र येतं. मूळ नागरिकत्व सोडल्याचा दाखला त्यानंतर द्यायचा असतो. ही पायरी उतावीळपणे आधी ओलांडू नका. आधीच नागरिकत्व सोडून मोकळं झालेलं माणूस इथला निर्णय होईपर्यंत कुठल्याच देशाचं राहत नाही, आणि त्याच्याकडे पासपोर्टही उरत नाही. पत्र हातात आल्यावर मगच आपल्या देशाच्या दूतावासाकडे जा. दूतावासाला किती वेळ लागतो, ते आधी विचारून ठेवायला हरकत नाही. राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतल्याशिवाय सज्ञान व्यक्तीची नोंदणी होत नाही. सगळं पूर्ण झालं की नोंदणी प्रमाणपत्र मिळतं.

या मार्गात भाषेची परीक्षा नाही. कलम ६ च्या देशीयकरणात, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारावर नागरिकत्व मिळवण्याच्या मार्गात, बारा वर्षांचं वास्तव्य आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान लागतं. विवाहाच्या मार्गात तसं काही नाही. वहिनी मराठी शिकली ती आईशी बोलता यावं म्हणून.

ज्यांना सतत परदेशी जावं लागतं, त्यांनी ओसीआयचा (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया या कार्डाचा) रस्ताही तपासावा. विवाह नोंदवलेला असेल आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेला असेल, तर परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. कार्ड मिळून पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेलं असलं, की कलम ५(१)(जी) खाली नागरिकत्व मागता येतं. इथे आठ वर्षांतल्या सहा वर्षांचा हिशोब नाही. नोकरीमुळे वर्षातले चार-चार महिने बाहेर असणाऱ्यांना हाच रस्ता सोयीचा. फक्त एवढं लक्षात ठेवा, ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि घटस्फोट झाला तर विवाहामुळे मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं.

पाकिस्तान किंवा बांगलादेशाच्या नागरिकांना, किंवा ज्यांचे आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा तिथले नागरिक होते त्यांना, ओसीआय मिळत नाही. उल्हासनगर किंवा नागपूरच्या जरीपटक्यात सिंधमधून सून होऊन आलेल्या मुलींना दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि नोंदणी याच वाटेने जावं लागतं. त्यातल्या ज्या ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीत (सीएए) नमूद केलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन या सहा समाजांपैकी आहेत, त्यांच्यासाठी मार्च २०२४ च्या नियमांत वेगळा नमुना तीन-ए आहे. त्यांनी आधी तो बघावा.

मुलांची काळजी अनेक आयांना असते. मूल भारतात जन्मलं, एक पालक भारतीय नागरिक आहे आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नाही, तर ते मूल जन्मानेच भारतीय असतं. आईच्या अर्जाचं काय होतं, यावर ते अवलंबून नाही.

आणि आधार. आधार कार्ड रहिवाशाला मिळतं, परदेशी रहिवाशालाही. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधार आहे म्हणून कुणाच्या सांगण्यावरून मतदार यादीत नाव घातलंत, तर तो गुन्हा ठरतो आणि नागरिकत्वाचा अर्जही धोक्यात येतो. प्रमाणपत्र मिळाल्यावरच नमुना सहा भरून मतदार नोंदणी करा आणि भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करा.

प्रमाणपत्रानंतरही कलम १० लक्षात असू द्या. माहिती खोटी दिली किंवा लपवली, तर नागरिकत्व काढून घेता येतं. नोंदणीनंतर पाच वर्षांच्या आत कुठल्याही देशात दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली, तरीही. सलग सात वर्षं भारताबाहेर राहिलं तरीही ते जाऊ शकतं. शिक्षणासाठी किंवा सरकारी नोकरीमुळे बाहेर असणाऱ्यांना यातून सूट आहे. बाकीच्यांनी दरवर्षी भारतीय वकिलातीत नागरिकत्व टिकवण्याचा इरादा नोंदवायचा असतो. नवऱ्याची बदली परदेशात झाली, तर सामान बांधतानाच ही नोंद कधी करायची ते कॅलेंडरवर लिहून घ्या.