रेट्रो अवकाश-पोस्टर

रेट्रो अवकाश-पोस्टर : अग्निबाण, ग्रह, कक्षा, परग्रहावरील भूदृश्य असे विषय घेऊन साधारणतः १९३० ते १९६० या काळातील छापील पोस्टरांच्या धाटणीने, मोजक्या सपाट रंगांत केलेले चित्र. आज ते बहुधा व्हेक्टर (सदिश, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-वक्रांनी आकार ठरवणाऱ्या) आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रचले जाते. अडोबी इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ आणि मुक्तस्रोत इंकस्केप ही त्यांतील नेहमीची नावे. साधनांची नावे व जागा वेगळ्या असल्या, तरी पुढे दिलेली कृती तिन्हींत जवळजवळ सारखीच चालते.

उगम : या शैलीच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ कक्षेत गेल्यावर जी अवकाशस्पर्धा सुरू झाली तिच्यातूनच ही पोस्टरे आली, असा सर्वसाधारण समज आहे. विषयापुरता तो मान्य करता येतो, रूपाच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो. सोव्हिएट अवकाश-पोस्टरांत तांबडा रंग, वर रोखलेला अग्निबाण आणि मोठे घोषवाक्य ही त्रयी प्रमुख असे. १२ एप्रिल १९६१ च्या गागारिन यांच्या उड्डाणानंतर तिच्यात अंतराळवीराच्या चेहऱ्याची भर पडली. आजच्या रेट्रो पोस्टरांत घोषवाक्य जवळपास नाही आणि वीरही क्वचितच दिसतो. कर्णरेषेवर झेपावणारा अग्निबाण तेवढा त्या परंपरेतून आला असावा.

दुसरे मत अमेरिकेतील ‘अणुयुगीन’ सजावटीकडे आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील ‘गूगी’ वास्तुशैलीकडे बोट दाखवते. वास्तुसमीक्षक डग्लस हॅस्केल यांनी १९५२ मध्ये या शैलीला हे नाव रूढ केले. फुटलेल्या ताऱ्यासारख्या अणकुचीदार किरणांचा आकार आणि बूमरँगचा वक्र ही तिची देणगी. या तारकाकृतीला सर्रास ‘स्पुटनिक आकार’ म्हणतात, पण अमेरिकन रचनाकार जॉर्ज नेल्सन यांच्या कार्यालयातून निघालेले गोळे जडवलेल्या अरांचे भिंतीवरचे घड्याळ १९४० च्या दशकाच्या अखेरचे, म्हणजे स्पुटनिकच्या बऱ्याच आधीचे आहे. त्यामुळे स्पुटनिकवरून हा आकार आला असे मानणे कठीण आहे. उपग्रहाने आधीच रुळलेल्या आकाराला नवा अर्थ दिला, इतकेच म्हणता येते.

रचनेचे मूळ शोधायचे तर अवकाशचित्रकार चेस्ली बोनस्टेल (१८८८–१९८६) यांच्याकडे जावे लागते. टायटन या उपग्रहावरून दिसणाऱ्या शनीचे त्यांचे चित्र १९४४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. पुढे काळसर कडे आणि त्यांच्यामागे अर्धे आकाश व्यापणारा ग्रह, ही मांडणी त्यानंतर असंख्य वेळा उचलली गेली. मात्र बोनस्टेल यांची चित्रे सूक्ष्म छटांनी भरलेली आहेत. सपाट रंग त्यांच्याकडून आलेला नाही.

तो आला रेशीम-पडद्याच्या छपाईतून (स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर दाबण्याची रीत), आणि हेच मत येथे अधिक ग्राह्य मानले आहे. अमेरिकेतील महामंदीच्या काळात सरकारी ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ने (१९३५–४३) कलावंतांना काम दिले. न्यूयॉर्कच्या पोस्टर विभागात अँथनी व्हेलोनिस यांनी स्क्रीन प्रिंटिंग रुजवले. या प्रकल्पात सुमारे ३५,००० नमुन्यांची मिळून जवळपास २० लाख पोस्टरे छापली गेली असे सांगितले जाते. राष्ट्रीय उद्यानांची प्रसिद्ध पोस्टरे साधारण १९३८ ते १९४१ या दरम्यानची आहेत. प्रत्येक रंगासाठी वेगळा पडदा लागे, म्हणून रंग कमी असत. नाजूक छटा पडद्यातून उतरत नसे, म्हणून आकार ठळक काढले जात. २०१५ मध्ये नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने (जेपीएल) बाह्यग्रहांची (इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची) ‘पर्यटन’ पोस्टरे काढली आणि २०१६ मध्ये एकूण १४ पोस्टरांची मालिका मोफत खुली केली. तिचा आदर्श याच उद्यान-पोस्टरांचा होता. या मालिकेत कल्पना विज्ञानाला धरून आहे. केप्लर-१८६एफ हा ग्रह तांबड्या खुज्या ताऱ्याभोवती फिरतो, म्हणून त्याच्या पोस्टरात झाडे तांबडी आहेत. केप्लर-१६बी दोन सूर्यांभोवती फिरतो, म्हणून तेथे उभ्या माणसाला दोन सावल्या आहेत.

या मताला व्यवहारातही अर्थ आहे. पडद्याच्या छपाईची बंधने स्वतःवर घालून घेतल्याशिवाय चित्राला ही धाटणी येत नाही. जुनाटपणा केवळ वरून चढवलेल्या डागांतून येत नाही.

वक्राचे गणित : व्हेक्टर चित्रातील प्रत्येक आकार हा बिंदू (नोड) आणि त्यांचे दांडे (हँडल) यांनी ठरणाऱ्या घन बेझिए वक्रांचा बनतो. हे वक्र रेनो या मोटार कंपनीतील अभियंता पिएर बेझिए (१९१०–९९) यांच्या नावाने ओळखले जातात. सिट्रोएन या दुसऱ्या मोटार कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास तेच गणित आधी मांडले होते. ते कंपनीने गुप्त ठेवल्याने नाव बेझिए यांना मिळाले, हे आता सर्वमान्य आहे. प्राधान्य द कास्तेल्जो यांचे आणि प्रसार बेझिए यांचा, अशी विभागणी न्याय्य वाटते. वक्राचा बिंदू काढण्याची पायरी-पायरीची रीत मात्र द कास्तेल्जो यांच्याच नावाने चालते.

बेझिए वक्रातून अचूक वर्तुळ निघत नाही. चार बिंदूंच्या वर्तुळात दांड्याची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवतात. तेव्हा त्रिज्येतील सर्वांत मोठी चूक सुमारे ०.०२७ टक्के, म्हणजे १०० मि.मी. त्रिज्येच्या ग्रहावर जेमतेम ०.०२७ मि.मी. असते. छपाईत ती दिसत नाही.

पाया व रंग : ए-२ पोस्टरासाठी पान ४२० × ५९४ मि.मी. घेऊन चारही बाजूंना ३ मि.मी. ब्लीड (छाटून टाकायची जादा कड) सोडतात. रंग चार किंवा पाच पुरतात. जुन्या कागदासारखा पिवळसर पांढरा (लाल २४२, हिरवा २२७, निळा १९८), गडद निळा, शेंदरी आणि मोहरीसारखा पिवळा हा संच चांगला चालतो. शुद्ध पांढरा टाळावा. जेथे पांढरे हवे तेथे कागदाचा रंग उघडा ठेवला की चित्र लगेच जुने वाटू लागते. दोन शाया एकमेकींवर आल्यावर तिसरी छटा मिळणे हा पडद्याच्या छपाईचा गुण. सॉफ्टवेअरमधील ‘मल्टिप्लाय’ या रंगमिश्रणाच्या पर्यायाने तो साधतो, पण पीडीएफ करताना असे मिश्रण दगा देऊ शकते. दोन्ही आकारांची प्रत घेऊन त्यांचा छेद (इंटरसेक्शन) काढावा आणि त्याला तिसरा रंग हातानेच भरावा, हे खात्रीचे.

प्रत्येक रंग वेगळ्या लेयरवर ठेवण्याची शिस्त सुरुवातीपासून पाळावी. एखादा रंग झाकला तरी उरलेले चित्र वाचता आले पाहिजे. न आल्यास आकारांची विभागणी कच्ची आहे असे समजावे.

अग्निबाण : पोस्टरांतील अग्निबाणाचा फुगीर देह आणि शेपटीचे पंख दुसऱ्या महायुद्धातील जर्मन व्ही-२ या क्षेपणास्त्रावरून आलेले दिसतात. मूळ अग्निबाण सुमारे १४ मी. लांब व १.६५ मी. जाड, म्हणजे साडेआठास एक असा सडपातळ होता. पोस्टरात हे प्रमाण साडेतीनास एकपर्यंत आणतात. पंख मुळात चार. एक पंख समोर धरल्यास दोन कडेचे आणि एक मधला असे तीनच दिसतात, आणि रूढ चित्रणही तेच आहे.

आकृती अर्धीच काढावी : टोकाला एक बिंदू, उंचीच्या सुमारे ४० टक्क्यांवर सर्वाधिक जाडीचा दुसरा, तळाला तिसरा. जाडीच्या बिंदूचा दांडा उभा हवा. गोल नाक हवे असेल, तर टोकाच्या बिंदूचा दांडा अक्षाशी बरोबर काटकोनात हवा. तो थोडा जरी कलला तरी आरशातली प्रत जोडल्यावर नाकावर शिंग किंवा खळगा येतो. अर्धी आकृती उलटवून जोडताना अक्षावरचे बिंदू तंतोतंत एकावर एक बसले पाहिजेत (बिंदू आपोआप चिकटवणारे ‘स्नॅप’ चालू ठेवावे). केसाएवढी फट राहिली तर भरलेला रंग ठीक दिसतो, पण आकृती दोन उघड्या तुकड्यांचीच राहते आणि पुढे वजाबाकी (एका आकारातून दुसरा कापून काढणे) किंवा छेद करताना विचित्र आकार निघतात. अग्निबाण उभा काढून पुरा करावा आणि मगच १५ ते ३० अंशांनी कलवावा. आधी कलवल्यास सममिती सांभाळता येत नाही.

ग्रह, कडी, किरणे : सावलीसाठी ग्रहाच्या वर्तुळाची प्रत बाजूला सरकवून वजाबाकी करणे ही प्रचलित रीत आहे. तीत कोरीची टोके व्यासाच्या टोकांवर न थांबता त्यांच्या पुढे जातात. प्रत्यक्षात प्रकाश-अंधाराची सीमा अर्धलंबवर्तुळ असते आणि तिची टोके व्यासाच्या दोन्ही टोकांना टेकतात. वर्तुळाची प्रत आडवी चेपून वापरली की हे साधते. जाणकाराच्या नजरेला हा फरक लगेच कळतो.

शनीच्या कडीसाठी लंबवर्तुळाला जाड रेघ (स्ट्रोक) देणे चूक आहे. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची राहते आणि कडी तारेच्या वेढ्यासारखी दिसते. त्याऐवजी २४० × ६० मि.मी.चे बाहेरचे व १८० × ४५ मि.मी.चे आतले लंबवर्तुळ एकाच केंद्रावर ठेवून वजाबाकी करावी. प्रमाण दोन्हींत चारास एक असल्याने कडी बाजूंना ३० मि.मी. आणि पुढे-मागे ७.५ मि.मी. भरते. हे कडीकडे सुमारे १४.५ अंशांच्या कोनातून पाहिल्यासारखे दिसते. मग कडी मधोमध आडवी कापून मागचा अर्धा ग्रहाखाली व पुढचा ग्रहावर ठेवतात. मागच्या अर्ध्यावर ग्रहाची सावली टाकायची राहिली तर कडी चिकटवलेली वाटते.

क्षितिजामागून फुटणारी किरणे एकेक त्रिकोण फिरवून काढता येतात. सोपी युक्ती अशी : वर्तुळाला भराव न देता त्याच्या त्रिज्येच्या दुप्पट जाडीची तुटक रेघ द्यावी. ए-२ पानाच्या तळाच्या मध्यावरून वरचा कोपरा, ब्लीड धरून, सुमारे ६३४ मि.मी. दूर असतो. म्हणून वर्तुळाची त्रिज्या ३२० आणि रेघ ६४० मि.मी. घ्यावी. परीघ २०१०.६२ मि.मी. येतो. २४ किरणांसाठी त्याचे ४८ भाग, म्हणून रेघेचा तुकडा आणि रिकामी जागा दोन्ही ४१.८९ मि.मी. (इंकस्केपमध्ये तुकड्याचे माप रेघेच्या जाडीच्या पटीत मोजले जाते, हे ध्यानात ठेवावे.) शेवटी रेघेचे आकारात रूपांतर करून पानाच्या मापाने छाटावे.

तारे सारख्या अंतरावर विखुरले की आकाश कापडावरच्या बुट्ट्यांसारखे दिसते. तीन आकारमाने घ्यावीत, लहान सर्वांत जास्त व मोठे अगदी थोडे, आणि काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडाव्यात. गडद पार्श्वभूमीतून उघडे सोडलेले ०.३ मि.मी.पेक्षा बारीक ठिपके शाईने बुजण्याचा संभव असतो.

छटा आणि पोत : आठ बिटांच्या रंगात एका वाहिनीच्या २५६ पायऱ्या असतात. गडद निळ्यातून थोड्या कमी गडद निळ्याकडे जाताना त्यांतल्या ४० च वापरल्या गेल्या, तर ५९४ मि.मी. उंचीवर प्रत्येकी सुमारे १५ मि.मी.चे पट्टे उमटतात. ही गुळगुळीत छटा मुळात या शैलीची नव्हेच. तिच्या जागी पाच ते सात समकेंद्री सपाट पट्टे उघडपणे द्यावेत. कडेला दाणेदार पोत हवा असल्यास तो खऱ्या ठिपक्यांचा करावा. इलस्ट्रेटरचा ‘ग्रेन’ परिणाम पिक्सेलमध्ये बनतो आणि दस्तऐवजाचे रास्टर रिझोल्यूशन ७२ वर राहिले तर छापून भरड येतो; ते आधी ३०० करावे. उलट हजारो ठिपक्यांचा व्हेक्टर पोत फाईल इतकी जड करतो की ती उघडेनाशी होते. म्हणून पोत दोन-तीन जागीच द्यावा.

शेजारशेजारचे दोन आकार कडेला कड लावून ठेवले की संगणकाच्या पडद्यावर त्यांच्यामध्ये फिकट केसरेघ दिसते आणि छपाईत शाई हलली तर कागद उघडा पडतो. खालच्या आकाराची कड वरच्याखाली ०.३ ते ०.५ मि.मी. वाढवली की दोन्ही अडचणी मिटतात. स्क्रीन प्रिंटिंगवाले हेच पूर्वीपासून करत आले आहेत.

देवनागरी शीर्षक : लॅटिन शीर्षकात अक्षरांमधील अंतर वाढवणे हा या शैलीचा आवडता उपाय. देवनागरीत तो लावल्यास शिरोरेघ तुटते. अंतर हवेच असेल तर अक्षरे कर्व्ह करून (मजकुराचे आकारांत रूपांतर करून) शिरोरेघ एका सलग पट्टीने पुन्हा जोडावी आणि सर्व एकत्र (युनियन) करावे. मजकूर कमानीवर बसवताना प्रत्येक अक्षर स्वतंत्र वळते व शिरोरेघ बहुकोनी दिसते. आधी कर्व्ह करून मग पूर्ण शब्द कमानीच्या आवरणात (एन्व्हलप) वाकवला तर ती गोल राहते. वेलांटी व मात्रांसाठी वर आणि उकारांसाठी खाली जागा सोडावी लागते, त्यामुळे दोन ओळींचे शीर्षक लॅटिनपेक्षा सैल बसते. इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर (अक्षरजुळणीचा पर्याय) निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. ठळक शीर्षकासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मोदक’ व ‘बलू’ हे मुक्त फाँट उपयोगी पडतात, मात्र ‘मोदक’च्या आतल्या फटी इतक्या बारीक आहेत की तो लहान आकारात वापरू नये.

छपाई : एसव्हीजी हा इंकस्केपचा मूळ फाईल-प्रकार आरजीबी (लाल-हिरवा-निळा, संगणकाच्या पडद्याच्या) रंगांवर आधारलेला आहे. सीएमवायके (छपाईच्या चार शायांत) रूपांतर स्क्रायबससारख्या वेगळ्या प्रणालीत करून घ्यावे लागते, आणि शेंदरी रंग तेथे हमखास मंदावतो. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीला नुसता १०० टक्के काळा दिल्यास तो राखाडी वाटतो. निळा ६०, किरमिजी ४०, पिवळा ४०, काळा १०० अशी भर देतात. हाच चार शायांचा काळा बारीक मजकुराला दिला, तर शाया जराशा सरकताच अक्षरांना रंगीत कडा येतात. प्रेसला पाठवण्याच्या प्रतीत सर्व मजकूर कर्व्ह केलेला असावा. संपादनासाठीची मूळ फाईल, ज्यात मजकूर मजकूरच आहे, वेगळी जपून ठेवावी. नासाची छायाचित्रे संदर्भासाठी सामान्यतः मोकळेपणाने वापरता येतात, मात्र तिच्या बोधचिन्हाच्या वापरावर निर्बंध आहेत. ते पोस्टरात घालू नये.