म्यानाला तेल पाजू नका

परवा एक व्हिडिओ बघितला, जुन्या सुऱ्याचं चामडी म्यान, शिवण उसवलेली, आणि तो माणूस ते सरळ कढत पाण्यात बुडवतो, का तर मऊ पडेल म्हणून. कसलं मऊ, आक्रसून लाकडासारखं झालं. मग वरून तेलाचा मारा, कारण म्हणे चामडं श्वास घेतं. अहो, मेलेलं कातडं कसला श्वास घेतंय!

चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन, प्रोटीनच्या तीन साखळ्यांची वेणी, लांबी साधारण 300 नॅनोमीटर आणि जाडी जेमतेम दीड. इतकी घट्ट कशी बसते? तर प्रत्येक साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन, सगळ्यात छोटं, त्याच्या बाजूला फक्त एक हायड्रोजन लटकतो, म्हणून वेणीच्या पोटातल्या चिंचोळ्या जागेत तेच मावतं, दुसरं कुणी घुसलं तर वेणी फुगेल. साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलं कच्चं कातडं 60-65 अंशांपर्यंत तापलं की हे बंध धडाधड सुटतात, वेणी उलगडते, साखळ्या गोळा होतात आणि कातडं आखडतं. आणखी तापवा, जिलेटिन तयार. कमावताना झाडाच्या सालीतलं टॅनिन वेण्यांना एकमेकींशी बांधतं, मग हीच मर्यादा 70-85 वर जाते.

पण हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचं चामड्यात सल्फ्युरिक आम्ल होतं आणि ते साखळ्याच तोडत बसतं. 1843 मध्ये लंडनच्या अथेनियम क्लबातल्या खुर्च्यांचं चामडं का खराब होतंय हे मायकल फॅरडेने तपासलं, तेव्हा गॅसच्या दिव्यांतून निघणारा हाच गंधकी धूर दोषी निघाला. अशा कुजक्या चामड्याची मर्यादा 40 अंशांपर्यंतही घसरते, म्हणजे ओल्यावर हेअर ड्रायर मारला तरी खेळ खलास.

हाताला लाल भुकटी लागली की समजायचं कूज आहे. त्यावर साधं पाणीही नको, काळं पडून कडक होतं. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज हा डिंकासारखा पदार्थ अल्कोहोलात पातळ विरघळवून ब्रशने लावतात, भुकटी जागेवर बसते. तुटलेली वेणी काही परत विणली जात नाही, कुठलं कंडिशनर काहीही म्हणो. चिरेला आतून पातळ जपानी कागदाचं ठिगळ, आणि शिवण जुन्याच भोकांतून, नवीन भोक पाडलं की पुढची चीर तिथूनच.

तेल का नको? धूळ धरतं, आणि त्यातली मेदाम्लं पितळी टोपणातल्या तांब्याशी जुळून हिरवट मेण साचतं. सुरासुद्धा आत ठेवायचा नाही, पातं गंजतं. म्यानात त्याच्या मापाची फोमची पट्टी घालायची, आकार टिकतो.